वगळायचा आवाज

ईश्वरीला ऐकणी केंद्रात काम लागलं तेव्हा तिला सोळा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. ती मी केली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मी दुसऱ्या कुणाला बोल लावतोय असं वाटायला नको.

मी पाटणच्या एसटी आगारात मेकॅनिक आहे. शेडगे मिस्त्री म्हणतात मला. डिझेलच्या गाड्या होत्या तोवर माझ्या कानाला किंमत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय सैल झालंय, काय घासतंय, सगळं कानात यायचं. हे शिकायला मला बारा वर्षं लागली. मग बॅटरीच्या गाड्या आल्या. त्या झोपेत चालल्यासारख्या येतात आणि जातात. ऐकायला काही उरलं नाही.

माझी बायको सुवर्णा त्याच सुमारास गेली. कावीळ साधी वाटली होती, अठरा दिवसांत संपलं. ईश्वरी तेव्हा तेराची होती. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. दोघंही कमी बोलणारी. घरात बोलायचं काम सुवर्णा करायची.

केंद्र वर पठारावर आहे, पवनचक्क्यांच्या मधोमध. सकाळी सातची गाडी पोरांना घेऊन वर जायची. धुकं असलं की चक्क्यांचे खांब दिसत नाहीत. नुसतं एक पातं वरून खाली येतं आणि परत धुक्यात जातं, मग दुसरं येतं. त्या सगळ्यात एक लांब पांढरी इमारत, एकही खिडकी नसलेली. आत साठ मुलंमुली, सोळा ते एकोणीस वयाची.

वय तेवढंच का, ते आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. माणसाचा कान लहानपणापासून थोडाथोडा झिजत जातो. सर्वांत बारीक आवाज सोळाव्या वर्षी ऐकू येतात, पंचविशी-तिशीत ते यायचे बंद होतात. पवनचक्कीचं बेअरिंग फुटायच्या महिनाभर आधी तसल्या बारीक आवाजात शीळ घालायला लागतं. माइक ती शीळ पकडतो, पण माइक सगळंच पकडतो. वटवाघूळ, पावसाचे थेंब, कुठला तरी सैल पत्रा. प्रत्येकाला तो धोका म्हणतो आणि चक्की थांबवतो. कशाकडे लक्ष द्यायचं नाही, हे यंत्राला शिकवणं अजून कुणाला नीट जमलेलं नाही. पोरांना ते जमतं. देशभरच्या चक्क्यांचे आवाज त्या इमारतीत येत होते आणि पोरं हेडफोन लावून एकेक चक्की ऐकत होती.

शिकवायची पद्धत झोपेची होती. दिवसा शिकलेलं मेंदू गाढ झोपेत पुन्हा घोकतो, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. त्या वेळी त्याच आवाजाचा एक कण हळूच कानात सोडला, तर मेंदू नेमकं तेच पुन्हा पुन्हा घोकतो. म्हणून रात्री घरी कपाळाला एक मऊ राखाडी पट्टी बांधून झोपायचं. पोर गाढ झोपलं की पट्टीला कळतं आणि ती कुजबुजायला लागते. माझी बारा वर्षं ईश्वरीनं तीन महिन्यांत गाठली.

"काय शेडगे," आगारात हणमंत म्हणाला, "पोरगी कानानं तुझ्यावर गेली की."

"माझ्या पुढं गेली."

"मग पेढं कुठायत? का ते बी झोपेतच वाटलंस?"

मी पेढे आणले. खोटं कशाला सांगू, मला गर्व वाटत होता. माझं काम जगातून गेलं असं मी धरून चाललो होतो आणि ते माझ्या पोरीच्या कानात परत आलं होतं. जेवताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "पप्पा, जाधव काकूंचा फ्रिज दिवाळीपर्यंत टिकत नाही." फ्रिज नवरात्रातच गेला. जाधव काकू हसत म्हणाल्या, "हिला आमच्या घराकडं कान देऊ नको म्हणावं, सगळंच बंद पडायचं."

एकदा चहा पिताना मी तिला विचारलं, झोपेत काय दिसतं.

"मी पठारावर चालत असते," ती म्हणाली. "सगळ्या चक्क्या थांबलेल्या असतात. मी एकीच्या खांबाला कान लावला की ती एकटीच फिरायला लागते. मग दुसरीला लावते. खाली पाटण दिसत नाही, नदी दिसत नाही, सगळं पांढरं. खूप छान वाटतं पप्पा. कुठंच कुणी नसतं."

ती हे सांगत असताना तिच्या चेहऱ्यावर इतका आराम होता की शेवटच्या वाक्यावर मी थांबलोच नाही.

नंतर मला तिला जास्त हाका माराव्या लागायला लागल्या. आधी एका हाकेला ओ द्यायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खांद्याला हात लावला की दचकायची. मला वाटलं, वय आहे. या वयात पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, असं सगळेच म्हणतात.

एका रविवारी तिची लहानपणापासूनची मैत्रीण अल्फिया आली. अल्फिया मुलाणी, आमच्याच गल्लीतली. कराडला कॉलेजात होती. दोघी बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसल्या. अल्फिया घरातलं काहीतरी सांगत होती, अब्बांचं आणि भावाचं भांडण. सांगता सांगता तिचा आवाज जाड झाला. हुंदका नाही, काही नाही, फक्त आवाज जाड झाला. मी आत भांडी घासत होतो, मला नळाच्या आवाजातही ते कळलं. ईश्वरी तिच्यासमोर दोन फुटांवर बसली होती.

"बरं," ती म्हणाली. "मग बुधवारी येतेस का?"

अल्फिया जाताना माझ्याजवळ थांबली. "काका, हिला काय झालंय? मी इतकं सांगितलं आणि ही शेंगाच मोजत बसली."

मी ईश्वरीला म्हणालो, "अगं, ती रडकुंडीला आली होती."

ईश्वरी खरंच गोंधळली. "रडत होती? मग तसं सांगायचं ना तिनं."

पुढच्या आठवड्यात केंद्रात पालकांची बैठक होती. मी पहिल्यांदाच इमारत आतून पाहिली. जमिनीवर जाड गालिचा, पाऊल वाजत नाही. प्रत्येक पोराला स्वतंत्र कप्पा. भिंती मऊ. जेवणाच्या खोलीत साठ पोरं जेवत होती आणि आवाज होता फक्त चमच्यांचा. सोळा-सतरा वर्षांची साठ पोरं एका खोलीत आणि खिदळणं नाही, टोपणनावं नाहीत, कुणी कुणाच्या ताटातलं पळवत नाही. पाण्याखाली चालल्यासारखी ती उठत होती, ताटं ठेवत होती, परत कप्प्यात जात होती. आमच्या आगाराच्या कँटीनपेक्षा किती शिस्त, असं मी मनात म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

कोळेकर सर म्हणून तिथले व्यवस्थापक होते. ते म्हणाले, "काही मुलं जरा गप्प झालीत, आम्हालाही दिसतंय. म्हणून एक योजना काढली आहे. प्रत्येकानं घरचा एक मिनिटाचा आवाज द्यायचा. आजीचा, आईचा, कुणाचाही. पट्टी रात्री तो ऐकवेल. मुलांना घर जवळ वाटेल."

बाकीच्या पालकांनी तिथंच मोबाइलवर आवाज भरले. मी घरी येऊन शोधत बसलो. सुवर्णाचे व्हिडिओ आहेत, पण कॅमेरा दिसला की ती ओढणी सावरून नुसती हसायची. लग्नाच्या व्हिडिओवर गाणी आहेत. माझ्याकडे आवाजाच्या चारशेच्या वर नोंदी होत्या आणि सगळ्या इंजिनांच्या. कुठल्या गाडीचा कसा ठोका, ते मी नवीन पोरांना शिकवायला साठवत गेलो होतो. त्यातल्या एकीत सुवर्णा सापडली. हणमंताची जुनी जीप आमच्या अंगणात उभी होती, मी तिचं इंजिन रेकॉर्ड करत होतो आणि ती स्वयंपाकघरातून हाका मारत होती. "अहो, चहा गार झाला. अहो, ऐकलं का? अहो! अहो!" ती रोज बोलायची तशी, जराशी वैतागलेली. अठ्ठेचाळीस सेकंद.

मला वाटलं, याहून चांगलं काय. इंजिनही आहे आणि आईही आहे. मी ती नोंद केंद्राला दिली.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी अंगणात बसून ती नोंद मोबाइलवर लावली. सुवर्णाची आठवण आली होती, एवढंच. ईश्वरी केस विंचरत बाहेर आली आणि तिनं लगेच मान वळवली.

"जीप आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे. आणि फॅनबेल्टला चीर गेलीय, बारीक." तिचा चेहरा उजळला होता. "कितीदा ऐकल्यासारखं वाटतंय हे. कुठलं आहे?"

मोबाइलमधून सुवर्णा म्हणत होती, "अहो, ऐकलं का?"

"बाई कोण बोलतेय, ओळखलंस का?" मी विचारलं.

"कुठली बाई?"

मला वाटलं गंमत करतेय. मी परत लावलं, आवाज मोठा केला. ती मन लावून ऐकत होती. माझी पोरगी अर्ध्या गावाचे फ्रिज ओळखते आणि हे तिला येत नव्हतं. "बोलतंय कुठं कुणी?" ती म्हणाली आणि कंगव्यातले केस काढत आत गेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सातच्या गाडीनं वर गेलो. केंद्रात डॉक्टर ओसवाल म्हणून मेंदूच्या बाई होत्या. चाळिशीच्या, थकलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"मिस्त्री, तुम्ही दिलेल्या आवाजात इंजिन होतं?"

"होतं."

त्या मागे टेकल्या. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मुलांना इथं शिकवताना मुद्दाम माणसांचे आवाज मिसळतात. मागून कुणी हाक मारतं, कुणी रडतं, कुणी नाव घेतं. जो लक्ष देत नाही त्याला गुण मिळतात. म्हणजे यंत्र आणि माणूस एकत्र ऐकू आले की यंत्र ठेवायचं आणि माणूस वगळायचा. दिवसा हेच आणि रात्री पट्टी तेच घोकून घेते. बाकीच्यांनी दिले ते नुसते माणसांचे आवाज होते. माझ्या नोंदीत इंजिन सापडल्यावर पट्टीनं तिला धडा समजून धड्यांत टाकलं. साठ रात्री.

"मोठ्या माणसावर एवढा परिणाम झाला नसता," बाई म्हणाल्या. "पण या वयात मेंदू स्वतःची आवराआवर करत असतो. पठारावर पायवाटा असतात ना, तशा. ज्यावरून चालणं होतं त्या रुंद होतात, बाकीच्यांवर गवत येतं. समोरच्याचा आवाज का बदलला, कोण रुसलंय, कोण खोटं बोलतंय, हे ओळखायच्या वाटा याच वर्षांत पक्क्या होतात. भांडून, चिडवून, एकमेकांना त्रास देऊन. आणि ती वर्षं ही मुलं इथं घालवतात."

"परत येईल?"

"आत्ता थांबवलंत तर येईल असं मला वाटतं. एकोणिसाव्या वर्षी विचारलंत तर मी असं म्हणणार नाही."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंय?"

"अहवालात लिहिलंय. दोनदा."

मी उठलो.

"मी माझी सही परत घेतो," मी म्हणालो.

"घेता येईल. पण तिच्या मनाविरुद्ध काढू नका. तीन मुलांना तसं काढलं होतं, तिघांनी बाहेरून पट्ट्या मिळवल्या. तिला स्वतःला कळायला हवं."

संध्याकाळी ईश्वरी घरी आली तेव्हा मी सांगितलं, काम सोड. ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली.

"का? मी पहिल्या पाचात आहे! तुम्हीच पेढे वाटलेत ना?"

"वाटले."

"मला तिथं बरं वाटतं, पप्पा. इथं सगळे माझ्याशी एकाच आवाजात बोलतात. 'बाळा, जेवलीस का?' शाळेत तोच, दुकानात तोच, जाधव काकूंचा तोच. तीन वर्षं. आई गेलेली पोरगी. मला तो आवाज नको होता. आता येत नाही. आता लोक बोलतात आणि मला नुसते शब्द येतात." ती धापा टाकत होती. "तुम्हाला नाही कळायचं."

मला कळलं होतं. पण वाद घालणं मला जमत नाही. मी म्हणालो, "बरं. एक काम कर. मिस्त्री मिस्त्रीला सांगतो असं समज. ही नोंद तुमच्या पद्धतीनं तपासून दे. पडद्यावर रेषा काढून, सगळे आवाज वेगळे करून."

कामाचं म्हटल्यावर ती शांत झाली. टॅब काढला, नोंद घेतली. पडद्यावर आवाजाच्या रंगीत रेघा उमटल्या आणि ती बोटानं खुणा करत गेली. टॅपेट, बेल्ट, सायलेन्सर, अंगणातला कावळा. तिचा हात चालत होता आणि मी बघत होतो. अकराव्या सेकंदावर हात थांबला.

"इथं काहीतरी आहे."

तिनं तेवढाच तुकडा लावला. परत लावला. हेडफोन घालून लावला. मग पुढे सरकली, एकोणिसावं सेकंद, सव्विसावं, एकेचाळिसावं. चार जागा.

"माणसाचा आवाज आहे," ती म्हणाली. "रेघा माणसाच्याच आहेत. एवढ्या ठळक. आणि मला... पप्पा, मला ऐकू येत नाहीये."

त्यांच्या कामात याहून मोठी चूक नसते. रेघ दिसते आणि कानाला येत नाही, म्हणजे कान गेला.

"कोण आहे?"

"तुझी आई."

तिनं बोट त्या रेघांवर ठेवलं, एकेकीवर, दुखऱ्या जागेवर ठेवावं तसं. मी तिच्या शेजारी बसून ती नोंद ऐकत होतो. आजवर मी ती सुवर्णासाठी ऐकायचो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ध्यानात आलं, चार वेळा ती हाक मारते आणि अठ्ठेचाळीस सेकंदांत मी एकदाही ओ देत नाही. मी इंजिन ऐकत होतो. मला तर कुणी पट्टी बांधली नव्हती.

पट्टी ईश्वरीनं स्वतः परत केली. कोळेकर सरांनी थांबवायचा प्रयत्न केला. डॉक्टर ओसवाल दारापर्यंत सोडायला आल्या, असं ती म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. आठवडाभर तिला झोप लागेना, मग दिवसभर झोपायला लागली. उठली की आवाज तिच्या अंगावर यायचे. बाजारात माणसं बोलताना तिला ती सगळी एकदम आत शिरल्यासारखी वाटायची, भाजी न घेता परत यायची. जाधव काकू प्रेमानं "बाळा" म्हणाल्या तर ही रडत आत पळाली. आणि हातात आलेली विद्या गळायला लागली. सोमवारी चार चक्क्यांतला फरक सांगता यायचा, पुढच्या सोमवारी दोन. एका दुपारी आम्ही दोघं गाडीनं वर जाऊन पठारावर बसलो. ऊन होतं, वारा होता, पाती फिरत होती.

"नुसत्या फिरतात आता," ती म्हणाली. "मला काही सांगत नाहीत."

माझ्या गाड्याही तशाच बंद झाल्या होत्या. ते दुःख मला चांगलं ठाऊक होतं आणि ते मी तिच्यावर सोळाव्या वर्षी आणलं होतं.

अल्फिया तिच्यावर आधी रुसली, मग आली, मग पुन्हा रुसली. "तुला काय झालं ते मला सविस्तर सांग, नाहीतर मी परत यायची नाही," असं दरवेळी म्हणायची आणि दरवेळी यायची. दोघींची भांडणं मला आतून ऐकू यायची. एकदा हसणंही आलं. मी भांडी तशीच ठेवून ऐकत उभा राहिलो.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी पोहे करत होतो. त्या दिवशी एक गोष्ट झाली होती, ती मी कुणाला सांगणार नव्हतो. तीन वर्षं रोज जाग आली की पहिली आठवण सुवर्णाची यायची. त्या सकाळी आली नाही. उठलो, अंघोळ केली, कांदा चिरला, कढई ठेवली, मोहरी तडतडली आणि तेव्हा ध्यानात आलं की अजून ती आठवलेली नाही. अर्धा तास मी तिच्याशिवाय जगलो होतो.

"इशू, कढीपत्ता संपलाय," मी आतून म्हणालो. "जाधव काकूंकडून आणतेस का?"

ती बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. उत्तर आलं नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारणार तेवढ्यात ती दारात उभी दिसली.

"पप्पा, काय झालं?"

"कढीपत्ता संपलाय म्हटलं."

"ते ऐकलं. आवाजाला काय झालं तुमच्या?"

"सर्दी."

"सर्दीचा आवाज असा नसतो." ती आत आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि गॅस बंद केला. मग ओट्याला टेकून जमिनीवर बसली आणि शेजारची जागा हातानं दाखवली. "सांगा."

मी बसलो. सुरुवात कशी करायची ते कळेना, म्हणून मोहरीपासूनच केली. बराच वेळ बोललो असेन. ती मध्येच "हं" म्हणायची, आणि मी पुढचं सांगायचो.